पाडव्याचा तोंडी करार

जयपूरच्या झालान्यात मी भाडेकरू आहे आणि औसा तालुक्यात मालक. भाडेकरू म्हणून माझ्याकडे स्टॅम्पपेपरवरचा अकरा महिन्यांचा करारनामा आहे, पोलीस पडताळणीचा कागद आहे, दर महिन्याला खात्यातून भाडं गेल्याची नोंद आहे. मालक म्हणून माझ्याकडे आहे फक्त गुढीपाडव्याच्या तोंडावर फोनवर झालेलं बोलणं. पाच एकर रान, निमं बटईनं. बी-खत दोघांचं, मेहनत त्याची. संपला करार.

आमच्यासारख्यांना जमीनदार म्हटलं तर गावातली पोरंसुद्धा हसतील. पुण्यात नोकरीला गेलेला मुलगा, निवृत्त मास्तर, नवरा गेल्यावर लेकीकडे राहायला गेलेली बाई, असे हे दोन-चार एकरांचे मालक. जमीन विकवत नाही, कसणं होत नाही आणि पड ठेवली तर भाऊबंद बांध कोरतात. मग ती बटईनं किंवा ठोक्यानं लावायची. ठोक्यात मालक आधीच पैसे घेऊन मोकळा होतो, पाऊस पडो न पडो. बटईत निदान नुकसानीला दोघं असतात.

लिहून मात्र कुणीच देत नाही. कारण कूळकायदा. मुंबई इलाख्याचा १९४८ चा, आमच्या मराठवाड्याला लागू असलेला १९५० चा हैदराबादचा आणि विदर्भाचा १९५८ चा. पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं मालक मानलं गेलं. हे कायदे झाले हे उत्तमच झालं. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या रानात घाम गाळला त्यांना त्याशिवाय ढेकूळसुद्धा मिळालं नसतं. पण त्यांचा धसका सत्तर वर्षांनंतर दोन एकरवाल्या मास्तरांनाही आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुणाचं नाव चढलं की रान गेलं, ही समजूत घराघरात मुरलेली. म्हणून बटईदार दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा, त्याला कागद द्यायचा नाही, पावती तर नाहीच. पुढच्या पाडव्याला हे रान आपल्याकडे असेल की नाही हेच माहीत नसेल, तर तो तरी त्यात शेणखत कशाला टाकेल? मालकाच्या भीतीचे पैसे शेवटी मालकाचीच माती भरते.

सरकारला तर फक्त सातबारा दिसतो. पीककर्ज सातबाऱ्यावर, शेतकरी ओळख क्रमांक सातबाऱ्यावर, केंद्राच्या किसान सन्मानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो योजनेचे ६,००० तेही सातबाऱ्यावर. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. तिचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, त्यामुळे चिखलात उभा राहून फोटो काढतो बटईदार आणि पीक लागतं माझ्या नावावर. पीकविमा दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही भरता येतो, नाही असं नाही. अट एवढीच की नोंदणी केलेला भाडेकरार जोडावा. म्हणजे जो कागद शिवारात कुणाकडेच नाही, नेमका तोच.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात सोयाबीन पाण्यात उभं राहून कुजलं, शेंगांना रानातच कोंब फुटले. भरपाई जाहीर झाली, कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० आणि रब्बीच्या बियाण्यासाठी वर आणखी १०,०००. लवकरच बटईदाराचा फोन. “मालक, पैसे पडले म्हणं तुमच्या खात्यावर.” मी म्हटलं, बी-खत निम्मं माझं होतं, तेव्हा भरपाईही निम्मी-निम्मी करू. तो जरा थांबला. “बी निम्मं तुमचं, खरं हाय. पण खुरपणीच्या बाया अन् फवारणीचा गडी माझ्याच पैशानं लावला की.” यावर कुठल्याच शासन निर्णयात उत्तर नाही. तो म्हणेल ते मान्य करायचं की मी देईन ते त्यानं घ्यायचं, हे ज्याच्या खात्यात पैसे आहेत तोच ठरवतो. ही मालकी मला अजिबात शोभेशी वाटत नाही.

उपाय कुणाला सुचलेला नाही असंही नाही. नीती आयोगानं २०१६ मध्ये टी. हक समितीच्या शिफारशींवरून जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा केला. मुदतीचा लेखी करार, मुदत संपली की जमीन आपोआप मालकाकडे, आणि तोवर कर्ज, विमा, भरपाई कसणाऱ्याला. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं हक्कपत्र देणारा कायदा केला. ते देताना मालकाची सही मागितली आणि घोडं तिथंच अडलं, कारण सह्या द्यायला पुष्कळ मालक तयार होईनात. माझ्या मते सहीचा हट्ट सोडावा. रान कोण कसतो हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, तेव्हा ग्रामसभेत नाव वाचून दाखवावं आणि हरकत नसेल तर नोंद घ्यावी. त्या नोंदीतून कुळाचा हक्क उभा राहणार नाही, हे मात्र कायद्यात स्वच्छ लिहावं लागेल. दोन्ही गोष्टी एकदम हव्यात, एक करून दुसरी मागे ठेवली की सगळं मुसळ केरात.

मालक लेखी द्यायला मुळातच नाखूश असतो, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे पाहावं. सौर प्रकल्पाला दिलेल्या जमिनीचं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ आणि वर्षानुवर्षांचा रीतसर नोंदणीचा भाडेपट्टा. त्यावर सह्या करायला लोक आपणहून पुढे येतात. बटईदाराला एका हंगामाचा कागद देताना ज्यांचा हात थरथरतो, तेही. सौर कंपनी कूळ म्हणून डोक्यावर बसणार नाही अशी त्यांची खात्री असते. तीच खात्री सरकारनं बटईदाराबाबत द्यावी. मग पाडव्याला आम्ही मालक तहसीलच्या स्टॅम्प वेंडरपुढे रांग लावतो की नाही ते बघावं, आणि तरीही नाही लावली, तर आम्हाला भरपाईच लाटायची होती असं खुशाल समजावं.