"घरी न्या" म्हटल्यानंतर

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर एक दिवस सांगतात, "आता घरी न्या, सेवा करा." गाडी सुमारे 170 किलोमीटर धावून महाडला येते, तिथून पुढे पोलादपूरकडच्या एखाद्या वाडीत. सोबतच्या जाड फाइलमध्ये कॅन्सरचे सगळे रिपोर्ट असतात. रात्री दोन वाजता दादी कळवळायला लागली तर काय द्यायचं, हे मात्र त्यात नसतं. मुलगा आखातात. सून मेडिकलवाल्याला उठवते, तो साधी वेदनाशामक गोळी देतो.

अशा दुखण्यावर मॉर्फिनची गोळी आहे आणि ती महाग नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ केलं की बहुतेक दवाखान्यांनी ती ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. आता प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते.

कागदावर आणखीही बरंच आहे. बरा न होणाऱ्या आजारात वेदना कमी करणं आणि घरच्यांना आधार देणं, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. केरळपाठोपाठ महाराष्ट्राने 2012 मध्ये तिचं धोरण केलं. आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांनी द्यायच्या सेवांमध्ये ती आहे. सन्मानाने मरणं हा कलम 21 खालचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. सेवा मिळाली नाही तर दादीने कुणाला जाब विचारायचा, हे धोरण सांगत नाही. आरोग्यसुधारणेची चर्चा विमा आणि ऑपरेशनच्या पॅकेजपाशीच थांबते. घरातल्या खाटेपर्यंत ती पोहोचायला हवी.

ठराव आणि हक्क यांतलं अंतर महाडला कुणी शिकवायला नको. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने 1924 मध्ये केला होता. पाणी प्यायला 1927 चा सत्याग्रह लागला, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल यायला 1937 उजाडलं. त्याच 1927 च्या डिसेंबरमधल्या परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. ही आठवण आपल्या मोहल्ल्यात फारशी सांगितली जात नाही, हे खटकतं.

आपल्याकडचा अडथळा मात्र आपणच काढायचा आहे. "सब्र करा, आजमाइश आहे," असं म्हणणारे बहुतेक वेळा स्वतः त्या खाटेवर नसतात. नशा हराम म्हणून कुणी मॉर्फिनला बिचकतं. पण डॉक्टरने मोजून दिलेलं औषध नशा नव्हे. इयादतीला आपण सगळेच जातो, दहा मिनिटं बसतो, दुआ करून उठतो. जखमेची पट्टी कोण बदलणार, हे क्वचितच कुणी विचारतं. केरळच्या मलप्पुरममध्ये, जिथे मुसलमान बहुसंख्य आहेत, शेजारीपाजारी शिकून नर्ससोबत घरोघर जातात, आणि खर्च गावच्या वर्गणीतून उभा राहतो. जमातीकडे तरुण आहेत, जकात-सदक्याचा हिशेब ठेवण्याची सवयही आहे.

सुरुवात एका अर्जाने होऊ शकते. महाड आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांना मॉर्फिन ठेवण्याची मान्यता आहे का, प्रशिक्षित डॉक्टर कोण, गेल्या वर्षी किती रुग्णांना घरी जाऊन पाहिलं, हे माहिती अधिकारात विचारा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.