नाताळची भेट कोणाच्या खात्यात लिहायची?

डिसेंबर लागला की वसईच्या गावांत गोठे उभे राहतात, दारोदारी चांदण्या लागतात. आणि घराघरांत एक प्रश्न निघतो, यंदा नाताळला घरात काय घ्यायचं? मग मिक्सर येतो, कुकर येतो आणि त्यावर "आईला भेट" म्हणून चिठ्ठी लागते.

वस्तू उपयोगाची घेतली यात काहीच वावगं नाही. पण मिक्सरची चटणी खाणार सगळं घर, मग तो एकट्या आईच्या नावावर का? माझं स्पष्ट मत आहे, मिक्सर घरखर्चात लिहा. आईच्या भेटीचा रकाना वेगळा ठेवा, त्यात दोनशेच रुपये असले तरी चालतील. (बाबांना मात्र कुकर भेट दिलेला मी अजून पाहिला नाही!)

आता किमतीचं बघा. लेबलवरची किंमत ही अर्धीच गोष्ट असते. साधा छताचा पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. फरक 45 वॅट. रोज 10 तास चालला तर वर्षाला सुमारे 164 युनिट वाचतात. युनिटला 8 रुपये धरले तर 1,300 रुपयांच्या वर. म्हणजे पंखा दीड हजाराने महाग असला, तरी चौदा महिन्यांत फरक भरून निघतो. सातवी-आठवीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर घ्या, मुलं घरी जाऊन पंखे तपासतील. कुकरचं गणित मात्र वेगळं. त्यावर आयएसआय चिन्ह कायद्यानेच लागतं, ते नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

खरी अडचण हप्त्यांची आहे. "शून्य टक्के व्याज" असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. रोखीची सूट जाते, वर प्रोसेसिंग फी लागते. डिसेंबरात घेतलेल्या वस्तूचे सहा हप्ते जानेवारीत सुरू झाले, की शेवटचा बरोबर जूनमध्ये येतो. वह्या, गणवेश, दप्तर सगळं त्याच महिन्यात. वर्गात वही न आणलेल्या मुलाला आपण ओरडतो तेव्हा त्याच्या घरी काय चाललंय, ते आपल्याला कुठे माहीत असतं?

दिवाळीची तारीख मागेपुढे होते, नाताळ तर दरवर्षी 25 डिसेंबरलाच. जानेवारीपासून महिना 500 टाकले तर नोव्हेंबरअखेर 5,500 हातात. चांगला मिक्सर त्यात बसतो. वस्तू निवडताना मुलांना सोबत घ्या, किंमत त्यांच्यापासून लपवू नका. आणि दुकानात जाण्याआधी आईला एकदा विचारा तरी, तिला नक्की काय हवंय.