वादळाची सूचना आली असतां
ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धनकडील कित्येक नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. गांवोगांवीं पुढें अनेक दिवस वीज नव्हती. विजेवांचून विहिरीवरचा पंप चालत नाहीं. रहाट मोडीत काढणाऱ्यांस त्याची किंमत तेव्हां कळली! सूचना मिळतांच पाणी भरून ठेवावें. दस्तऐवज व औषधें माळ्यावर ठेवूं नयेत. कौलें उडालीं कीं प्रथम तोच भिजतो. वारा एकाएकीं पडला तरी बाहेर जाऊं नये. तो वादळाचा डोळा असूं शकतो, आणि तो सरकतांच वारा उलट दिशेनें सुटतो. वडील मंडळी वाडी पाहण्यास निघतात ती नेमकी याच वेळीं. त्यांस अडविण्याचें काम घरांतील सुनांनीं संकोच न धरितां करावें.