घाटात रेंज जाते तेव्हा
ताम्हिणी घाट उतरताना मोबाइलची रेंज गेली की जीपीएसच गेलं असं बरेच जण समजतात. तसं नसतं. उपग्रहांचे सिग्नल फोनला थेट मिळतात, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. अडतं ते नकाशापाशी. गूगल मॅप्स नकाशा वाटेत मागवत राहतं, म्हणून निघण्याआधी त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्यावा लागतो, आणि तो मुदतीत अपडेट केला नाही तर ऐन वेळी कामाला येत नाही. शहरात मात्र गूगलला तोड नाही. पुढच्या चौकातली कोंडी ते तिथे अडकलेल्यांच्या फोनच्या वेगावरून ओळखतं, आणि २०१७ पासून आपल्याकडे दुचाकीसाठी वेगळा मार्गही दाखवतं. फक्त उड्डाणपुलांच्या गुंत्यात मला मॅपमायइंडियाचं मॅपल्स हे अ‍ॅप जास्त आवडतं. पुलावर चढायचं की खालून जायचं, याचं चित्रच ते समोर धरतं. पण डोंगरात जायचं तर ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड फोनमध्ये हवंच. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात, म्हणजे २००४ साली सुरू झालेल्या आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी भरत आणलेल्या नकाशावर. गडावरची पायवाट, पाण्याचं टाकं अशा गोष्टी तिथे सापडतात, कारण कुणीतरी स्वतः चालून आल्यावर त्या नोंदवलेल्या असतात. त्या अनोळखी माणसांचे उपकार मोठे आहेत. पावसाळ्यात वरंध घाट चालू आहे का, हे मात्र कुठल्याही अ‍ॅपच्या भरवशावर ठरवू नका. घाटाच्या अलीकडे भोरला थांबून विचारा.