पाचामुखी पंच

उन्हाळी पार्टीत कोपऱ्यातल्या टेबलावर काचेच्या मोठ्या भांड्यात लाल पाणी ठेवलेलं असतं आणि त्यावर सफरचंदाच्या चार फोडी, पोहता न येणाऱ्या माणसांसारख्या, पालथ्या तरंगत असतात. या प्रकाराला 'फ्रूट पंच' म्हणायला कायद्यानं बंदी असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सरकार इतक्या गोष्टींवर बंदी घालतं. त्यात एक चांगली घातली तर कुणाचं काय जाणार आहे?

मला फळांचा राग नाही. पंचाचा तर मुळीच नाही. राग आहे तो या दोघांची नावं सांगून पार्टीत शिरलेल्या तिसऱ्याचा. आमच्या भिवंडीत हल्ली त्याचा फार सुळसुळाट झाला आहे. इथे आधी माग होते. मागांच्या जोडीला गोदामं आली, गोदामांच्या मागोमाग उंच उंच सोसायट्या आल्या, सोसायटीत क्लब-हाउस आलं, आणि क्लब-हाउस आलं की पाठोपाठ फ्रूट पंच येतोच.

त्याची कृती मी उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. एक बाटली तांबडं सरबत, दोन मोठ्या बाटल्या फसफसणारं गोड पाणी, अननसाचा एक डबा (आतल्या पाकासकट), आणि रंग फिका वाटला तर आणखी तांबडं सरबत. वर टुटीफ्रुटी, त्यावर चेरी. "झालं बघा काका, दहा मिनिटांत!" असं सोसायटीतला उत्साही तरुण अभिमानानं सांगतो. दहा मिनिटांत आग विझवावी. पंच करू नये.

यात फळ कुठलं, हे मला कुणीतरी दाखवून द्यावं. टुटीफ्रुटी म्हणजे कच्च्या पपईचे रंगवलेले तुकडे. ते एक सोडून देऊ. पण ती चेरी! आपल्याकडे बेकरीत आणि किराण्याच्या दुकानात चेरी म्हणून जी लालभडक गोळी मिळते, ती पुष्कळदा चेरी नसतेच. ते असतं करवंद. बी काढून, पाकात मुरवून, तोंडाला रंग फासून उभं केलेलं आपलं करवंद! मे महिन्यात शहापूर-वाड्याकडच्या आदिवासी बायका करवंदांच्या टोपल्या घेऊन नाक्यावर उन्हात बसतात, पानाच्या द्रोणात भरून देतात. त्यांच्याशी आपण दहा रुपयांसाठी दहा मिनिटं हुज्जत घालतो. आणि तेच करवंद नाव बदलून, रंगरंगोटी करून डब्यातून आलं, की त्याला मानानं पंचाच्या डोक्यावर बसवतो.

कारखान्यात बाटलीत भरलेल्या तयार फळपेयात निदान १० टक्के फळांचा रस हवा, लिंबाचं असलं तर ५ टक्के, असा आपल्याकडे अन्नसुरक्षेचा नियम आहे. म्हणजे कारखानदाराला दहा टक्क्यांपुरती तरी लाज लावून दिलेली आहे. सोसायटीच्या कमिटीला तेवढीही नाही. परवा एका वाढदिवसाला तर पंच निळा होता. निळा! ज्या महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यालायक नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा हुकूम आहे, कशासाठी, तर लोकांनी तो चुकून पोटात घालू नये म्हणून, त्याच महाराष्ट्रात आपण पोरांच्या हातात निळे ग्लास देतो आणि फोटो काढतो.

आता थोडं या पंचाच्या कुळाकडे बघू. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात आपल्याकडे होता. मुंबईहून कल्याणच्या वाटेनं तो जुन्नरलाही जाऊन आला. म्हणजे आमच्या भिवंडीच्या कुशीवरूनच गेला म्हणा ना. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली छापून निघालं. त्यात तो लिहितो की गोव्यातल्या नेरूळची (नवी मुंबईतलं नेरूळ नव्हे, बारदेशातलं) दारू फार नामी, आणि ती घालून या किनाऱ्यावरचे इंग्रज 'पंच' नावाचं पेय करतात, ज्यानं माणूस पार गळून जातो. पाच जिनसांचं, म्हणून हिंदुस्थानी 'पाच'वरून पंच. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, हे त्या पाचांचं नेहमीचं बिऱ्हाड. काही पंडित म्हणतात, शब्द पाचावरून आलेला नाही, दारूच्या पिंपाला इंग्रजीत जे नाव आहे त्यावरून आला आहे. म्हणोत बापडे. पिंपभर प्यायल्यावर माणूस असंच काहीतरी बोलतो.

सांगायचा मुद्दा, पंच म्हणजे पाच जणांचा संसार. गोडाला आंबटानं आवरायचं, कडकाला पाण्यानं समजवायचं आणि मसाल्यानं सगळ्यांना जागं ठेवायचं. यातला एक जरी शिरजोर झाला तरी घर मोडलं. आमच्या क्लब-हाउसातल्या पंचात साखर आणि साखर अशा दोघीच नांदतात, आणि त्याही सख्ख्या बहिणी.

आणि आता नीट मोजा. कैरी, गूळ, मीठ, वेलची, पाणी. किती झाले? पाच. आमच्या आज्यांनी कुठल्याही फ्रायरला न विचारता चैत्रात घरोघरी पंच केला आणि त्याला पन्हं म्हटलं. 'पन्हं' हा शब्द पाचावरून आलेला नाही, 'पानका'वरून आला आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण मी शब्दाचं बोलत नाही, भांड्यात काय आहे त्याचं बोलतो आहे.

हे सगळं मी आमच्या सेक्रेटरीसाहेबांना ऐकवलं. ते हसून म्हणाले, "अहो, पन्हं हळदीकुंकवाला ठीक आहे. पार्टीला कसं चालेल?"

आता चैत्रातलं हळदीकुंकू म्हणजे दुसरं काय असतं हो? चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर आज या घरी, उद्या त्या घरी बोलावणी चालतात. आरास असते, नक्षीदार कापलेलं कलिंगड असतं, आंब्याची डाळ असते, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरतात आणि प्रत्येकीच्या हातात पन्ह्याचा पेला येतो. उन्हाळी पार्टी याहून वेगळी असते ती एवढ्यापुरतीच, की हिच्यात लाउडस्पीकर नसतो. राहता राहिली पुरुषमंडळी. तर त्यांना त्या पार्टीचं आमंत्रण नव्हतं याचा सूड त्यांनी पन्ह्यावर का घ्यावा?

"पण मुलं पन्हं पीत नाहीत," हा दुसरा मुद्दा वहिनींनी मांडला. मुलं काय, वहिनी, जे पुढ्यात येईल ते पितात. निळं पीत होतीच की! आणि तिसरा, खरा मुद्दा कुणीच उघड बोलत नाही: पन्हं स्वस्त दिसतं. गावठी वाटतं. पाहुण्यांसमोर कैरी ठेवली तर आपण वर्गणी खाल्ली असं त्यांना वाटेल, ही भीती.

गेल्या १ मेची गोष्ट सांगतो. महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि सोसायटीची समर पार्टी असे तिन्ही एकाच मांडवात होते. संध्याकाळी पाच वाजले तरी अंगातून धारा लागलेल्या. कुणीतरी फाटकावरच्या वॉचमनला एक ग्लास पंच नेऊन दिला. हा गृहस्थ आझमगडकडचा. आधी बारा-बारा तास माग चालवायचा, आता बारा-बारा तास फाटक उघडतो. त्यानं एक घोट घेतला, "बहुत मीठा है साहब" म्हणाला, ग्लास अदबीनं खुर्चीखाली ठेवला आणि माठातलं पाणी प्यायला. दिवसभर घाम गाळलेल्या माणसाला पाणी हवं असतं आणि चिमूटभर मीठ हवं असतं. आपण त्याला कामगार दिनाच्या शुभेच्छांसह रंगीत पाक दिला. क्लब-हाउसात एअर कंडिशनरखाली बसून प्यायला तो पाक ठीक आहे. खरी तहान ज्याला लागली आहे त्याच्या तो घशाखाली उतरत नाही. पंच कसा झालाय हे बघायचं तर पहिला ग्लास फाटकावर पाठवावा.

तर आता काम. चाळीस माणसं धरा, माणशी दोन ग्लास धरा, म्हणजे सोळा लिटर. त्याला दोन किलो कैऱ्या आणि अडीच किलो गूळ पुरतो. कैऱ्या आदल्या रात्री उकडून गर काढून ठेवायचा, गुळात कालवायचा, मीठ आणि वेलची घालायची. केशर ऐपतीप्रमाणे. आल्याचा रस घातला तर फ्रायरच्या मसाल्याचीही सोय होते. पाणी मात्र आधीच सगळं ओतू नका. दोनेक लिटर बर्फाच्या वाट्याचं राखून ठेवा, नाहीतर तासाभरानं टोपात कैरीची नुसती आठवण उरते. बर्फ खाण्याचाच आणायचा, आणि चुरा नको, मोठा तुकडा हवा. मोठा तुकडा सावकाश वितळतो.

फळं हवीत ना? फळांशिवाय फ्रूट कसला, बरोबर आहे. ताडगोळे सोलून त्याच्या फोडी करा. पांढरे जाम मिळतात, त्यांच्या चकत्या करा. पाण्यावर सुरेख तरंगतात आणि दाताखाली कुरकुरतात. हापूस घालायचा विचार मनातही आणू नका. हापूस हा एकट्यानं खायचा पदार्थ आहे, त्याला गर्दीत ढकलणं हे पाप आहे. आणि आइस्क्रीमचा गोळा टाकायची हुक्की आली तर ताज्या अननसाला जवळ फिरकू देऊ नका. त्यात असा एक घटक असतो की दूध थोड्याच वेळात कडू होतं. डब्यातल्या अननसाची ती खोड उष्णतेनं मोडलेली असते. मोडलेल्या माणसासारखाच तो मग कुठेही चालतो.

नाव तुम्हाला हवं ते द्या. आमंत्रणपत्रिकेवर इंग्रजीत 'रॉ मँगो पंच' छापा, माझी हरकत नाही; पाहुण्यांपैकी निम्मे त्यावरच खूश होतील. फक्त चेरीचा डबा आणायला कुणाला पाठवू नका. सकाळी ऊन चढायच्या आत नाक्यावर जा, चांगली काळी पिकलेली करवंदं बघून घ्या, आणि मावशी जो भाव सांगेल तो मुकाट्यानं द्या.