जायला परवानगी, यायला परवाना

म्हसळा, मंडणगड, दापोली, खेड या पट्ट्यातल्या घरांत ‘एक्झिट-रीएन्ट्री’ हा शब्द कधी शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक असतो. मुलगा ईदला घरी येणार की नाही, हे विमानाच्या तिकिटावर कमी आणि त्या परवान्यावर जास्त ठरते. सौदी अरेबियात वीस वर्षे राबलेला, इकाम्याचे, म्हणजे रहिवासी परवान्याचे, नूतनीकरण कधी न चुकवलेला, नावावर एकही गुन्हा नसलेला माणूससुद्धा गावी यायचे तर आधी बाहेर पडण्याची आणि पुन्हा आत शिरण्याची परवानगी काढतो आणि तिचे पैसे मोजतो. आखातातल्या लाखो भारतीयांच्या आयुष्यातली ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविरुद्ध बोलण्यासारखे काही आहे, हेच आपण विसरलो होतो. कुवेतने १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातल्या परदेशी कर्मचाऱ्यांना देश सोडण्यापूर्वी मालकाच्या मंजुरीचा परवाना सक्तीचा केला, तेव्हा ते पुन्हा आठवले. शेजारचे देश ज्या बेड्या सैल करत होते, त्याच कुवेतने नव्याने घातल्या.

कामगारांच्या ये-जा करण्याची नीट नोंद राहावी, नोकरी सोडून पळून जाण्याचे प्रकार थांबावेत, असे या निर्णयाचे समर्थन केले जाते. पण नोंद तर पारपत्र तपासणाऱ्या खिडकीवर रोज होतेच आहे. कोण कधी गेला, कधी परतला, हे सरकारी संगणकाला मिनिटात कळते. कुणावर कर्जाचा किंवा फौजदारी खटला असेल, तर न्यायालयाने त्या एका माणसाला अडवावे, त्याला कोणाचीच हरकत असणार नाही. इथे मात्र सरसकट सगळ्यांना थांबवून त्यांच्या जाण्याची किल्ली मालकाच्या हाती दिली आहे. पगार थकवणारा मालक हीच किल्ली कशासाठी वापरेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तीन महिन्यांचा पगार मागणाऱ्याची रजा ‘सध्या काम आहे’ म्हणून पुढे ढकलली जाते. गावाकडे बाप अत्यवस्थ असतो आणि तेवढ्यासाठी मुलगा थकलेल्या पगाराचा विषय सोडून देतो.

सौदीतला पैशांचा हिशेब एकदा समोर मांडला पाहिजे. एकदाच जाऊन येण्याच्या परवान्याला दोन महिन्यांपर्यंत २०० रियाल आणि पुढच्या प्रत्येक महिन्याला १०० रियाल पडतात. वारंवार ये-जा करायची असेल तर तीन महिन्यांना ५००, त्यापुढे दर महिन्याला २००. परवाना माणशी असतो. नवरा-बायको आणि दोन मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन महिन्यांसाठी कोकणात यायची म्हटली की १,२०० रियाल, म्हणजे पंचवीस हजार रुपयांहून अधिक, विमानात बसण्याआधीच जातात. जुलै २०१७ पासून त्यात अवलंबितांवरच्या शुल्काची भर पडली. माणशी महिना १०० रियालपासून सुरू झालेले हे शुल्क दरवर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये ४०० वर पोहोचले. बायको आणि दोन मुलांसाठी वर्षाला १४,४०० रियाल, आपले तीन लाख रुपयांहून जास्त, तेही आगाऊ. बड्या कंपनीतला अभियंता ते सोसतो. दुकानात हिशेब लिहिणारा किंवा वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणारा सोसू शकत नाही. म्हणून अनेकांनी बायका-मुलांना कायमचे गावी पाठवले. मग त्यांना भेटायला यायचे तर पुन्हा परवाना, पुन्हा शुल्क. एका हाताने कुटुंब सोबत ठेवणे महाग करायचे आणि दुसऱ्या हाताने कुटुंबाला भेटायला जाणेही महाग करायचे, याला व्यवस्थापन म्हणता येणार नाही.

परवान्याची मुदत गावी असताना उलटली तर जे व्हायचे, ते याहून कठोर होते. ‘बाहेर गेला, परतला नाही’ असा शिक्का नावापुढे लागायचा आणि अलीकडेपर्यंत तीन वर्षे सौदीची दारे बंद व्हायची. त्याला सवलत एकच, जुन्याच मालकाने पुन्हा व्हिसा काढला तर. सगळ्या व्यवस्थेचा हेतू त्या एका सवलतीतून दिसतो. आईच्या आजारपणात महिना जास्त राहिलेला माणूस देशाचा गुन्हेगार ठरत नव्हता, तो मालकाचा गुन्हेगार ठरत होता.

हे बदलता येते, याचा पुरावा आखातातच आहे. कतारने २०१८ च्या कायद्याने बहुतेक कामगारांसाठी बाहेर पडण्याचा परवाना रद्द केला आणि जानेवारी २०२० मध्ये घरकामगारांनाही त्यातून मोकळे केले. विश्वचषक फुटबॉलमुळे जगाची नजर तिथे होती, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे कार्यालय दोह्यात उघडले होते, दबाव होता, हे सगळे खरे. पण परवाना गेला म्हणून कतारची अर्थव्यवस्था कोसळली नाही की कामगार रातोरात पसार झाले नाहीत. सौदीनेही मार्च २०२१ पासून मालकाच्या संमतीशिवाय परवाना काढण्याची मुभा दिली. शुल्क मात्र कायम राहिले आणि घरकामगार, घरगुती वाहनचालक, माळी, मेंढपाळ या सुधारणेबाहेर राहिले. मालकाच्या घरातच राहणाऱ्या आणि तक्रारीला जागाच नसलेल्या माणसांना या मोकळिकीची गरज सर्वांत जास्त होती. नेमकी तीच वगळली गेली.

परतीचा परवाना हे फक्त आखाताचे दुखणे नाही. जपानने हेच हत्यार आपल्याच मातीत जन्मलेल्या कोरियन वंशाच्या लोकांवर चालवले. १९५२ मध्ये त्यांचे जपानी नागरिकत्व काढून घेतले गेले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या वर्षानुवर्षे ‘परदेशी’ म्हणून बोटांचे ठसे देत राहिल्या. चोई सुन-ए या पियानोवादिकेने ठसे द्यायला नकार दिला. १९८६ मध्ये ती अमेरिकेला शिकायला निघाली तेव्हा सरकारने परतीचा परवाना नाकारला. ती तरीही गेली आणि ज्या देशात जन्मली, वाढली, तिथला कायम निवासाचा हक्क गमावून बसली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिला न्याय दिला नाही. तो हक्क परत मिळायला २००० साल उजाडले.

पुढे २०१२ मध्ये जपानने वर्षभरात परतणाऱ्यांना परवान्यातून सूट दिली, तेव्हा प्रश्न संपला असे वाटले होते. महासाथीने ते खोटे ठरवले. एप्रिल २०२० पासून सप्टेंबरपर्यंत प्रवेशबंदीच्या देशांत गेलेल्या परदेशी रहिवाशांना, अगदी कायम निवासींनाही, परतता येत नव्हते. जपानी नागरिक मात्र चाचणी करून, विलगीकरणात राहून घरी जात होते. विषाणूला पारपत्राचा रंग कळत नसताना हा भेद कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर कधी मिळाले नाही. मे २०२१ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळमधून येणाऱ्या परदेशी रहिवाशांवर पुन्हा तीच बंदी आली. तोक्योच्या एदोगावा भागात संसार थाटलेली मराठी माणसे आहेत. आपल्याकडच्या दुसऱ्या लाटेत आई-वडिलांना भेटायला निघण्याआधी अशा प्रत्येकाला हाच विचार करावा लागला, की आपले घर, नोकरी, मुलांची शाळा मागे टाकून गेलो तर परत कधी येणार?

परकीयाला देशात घ्यायचे की नाही, हा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे, तो आम्हाला मान्य आहे. पण एकदा घेतलेला, दशकभर कर आणि भाडे भरलेला, मुलांना तिथल्या शाळेत घातलेला माणूस दारात उभा असलेला पाहुणा राहत नाही. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे बारावे कलम कोणालाही ‘स्वतःच्या देशात’ येण्यापासून मनमानीने अडवू नये असे सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९९ मध्ये स्पष्ट केले की ‘स्वतःचा देश’ म्हणजे केवळ नागरिकत्वाचा देश नव्हे, दीर्घकाळचे रहिवासीही त्यात येऊ शकतात. देश सोडण्याचे स्वातंत्र्य तर तेच कलम प्रत्येकाला देते. जपान या कराराने १९७९ पासून बांधलेला आहे, कुवेत १९९६ पासून. आणि भारतही १९७९ पासून.

म्हणून भारत सरकारकडे दोन गोष्टी मागायला हव्यात. आखाती देशांशी मनुष्यबळाचे करार करताना किमान वेतन आणि विम्याची कलमे असतात, तसेच रजेवर जाण्यासाठी मालकाची संमती लागणार नाही, हे कलमही लिहून घ्यावे, आणि त्यात घरकामगारांचा नावानिशी उल्लेख असावा. कुवेतशी बोलताना तेल आणि गुंतवणुकीच्या यादीत हा विषय पहिल्या पानावर हवा. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा १९९० चा आंतरराष्ट्रीय करार कोणताही देश सोडून जाण्याचे स्वातंत्र्य कामगाराला देतो. त्यावर आखाती देशांनी सही केलेली नाही, पण लाखो कामगार परदेशी पाठवणाऱ्या भारतानेही तो स्वीकारलेला नाही. तो स्वीकारल्याशिवाय आपल्या मागणीला वजन येणार नाही.

दुसरी गोष्ट घरातली आहे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिथे जन्मलेली, मराठी-हिंदी बोलत वाढलेली मुले आज परदेशी शिकायला निघाली तर पिवळ्या मुखपृष्ठाच्या ओळखपुस्तिकेवर प्रवास करतात, त्यासाठी बाहेर पडण्याची परवानगी काढतात आणि परत येण्याची ना-हरकतही मागतात. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचे चार जुने कायदे जाऊन एकच नवा कायदा आला आहे. त्याखालचे नियम बदलून, नोंदणीकृत तिबेटी रहिवाशाच्या ओळखपुस्तिकेलाच परतीचा परवाना मानायला गृह मंत्रालयाला संसदेत जाण्याचीही गरज पडू नये. कुवेतकडे आपण जे मागणार आहोत, ते गोठणगावला आधी द्यावे.