परीक्षक नसलेली परीक्षा

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला

इंग्लंडमध्ये मोटार तीन वर्षांची झाली, की पुढे दरवर्षी तिला एका परीक्षेला बसावे लागते. ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग, धूर, सारे तपासले जाते. नापास झालेली मोटार दुरुस्त करून पुन्हा परीक्षेला न्यावी लागते. पण त्याच मोटारीच्या मागे जोडून लोक जे चाकांवरचे घर सुटीला घेऊन जातात, त्या ओढायच्या कॅरॅव्हॅनला मात्र अशी वार्षिक परीक्षा नाही. हजार-दीड हजार किलो वजन, स्वतःचे ब्रेक, आत गॅसची शेगडी, बॅटरी, पाण्याची टाकी आणि रात्री झोपायला मुलेबाळे! रस्त्यावर ती सुस्थितीत असली पाहिजे, एवढे कायदा सांगतो. टायर गुळगुळीत सापडला तर दंडही होतो. पण निघण्यापूर्वी दारात येऊन 'दाखवा बघू' असे म्हणणारा कुणी नाही.

एवढेच नव्हे, ओढणाऱ्याची परीक्षाही आता गेली आहे. १९९७ पासून पुढे ज्यांनी परवाना काढला, त्यांना जड कॅरॅव्हॅन ओढायची तर वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट काढून टाकली. म्हणजे गाडी बिनपरीक्षेची आणि गाडीवानही बिनपरीक्षेचा. अशा वेळी ती गाडी नीट आहे की नाही हे कोण पाहते? माझ्या मते हा प्रश्न केवळ इंग्लंडचा नाही. आपल्या महाविद्यालयाच्या सहलीच्या बसपर्यंत तो येऊन पोचतो.

कला शाखेच्या मुलीला या नटबोल्टांचे काय पडले आहे, असे कुणी विचारील. संपादक मंडळानेही मला प्रवासवर्णनच मागितले होते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी लीड्सला मावशीकडे होते आणि तिथून आम्ही व्हिटबीच्या समुद्रावर कॅरॅव्हॅन घेऊन गेलो. समुद्र छान होता, वारा बोचरा होता, मासे महाग होते. प्रवासवर्णन संपले! पण काका निघण्यापूर्वी त्या गाडीपाशी जो तास-दीड तास घालवत, त्याने मला विचारात पाडले. म्हणून हा लेख.

पहिली पाळी टायरांची. मला वाटत असे की टायर झिजतो तो धावून. काकांनी सांगितले, कॅरॅव्हॅनचा टायर उभा राहून म्हातारा होतो. वर्षातले कितीतरी महिने ती एका जागी, त्याच वजनाखाली, उन्हापावसात उभी. वरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि बाजूच्या रबराला बारीक भेगा पडलेल्या असतात. म्हणून नक्षीवर न जाता त्याचे वय बघायचे. टायरच्या कडेला चार अंक कोरलेले असतात. ३२१९ असे असेल तर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तो तयार झाला. पाच वर्षे झाली की बदलायचा विचार करावा, आणि सात वर्षांच्या पुढे तर नेऊच नये, असा तिथल्या जाणकारांचा सल्ला आहे. कायदा नक्षीची खोली पाहतो, १.६ मिलिमीटर, वयाची विचारपूस मालकाने करायची. हवाही टायर थंड असताना भरायची, कारण धावून तापलेल्या टायरात दाब जास्तच दिसतो.

मग चाकांचे नट. त्यासाठी एक खास पाना असतो. ठरावीक जोर झाला की तो 'टक्' करून थांबायला सांगतो. चाक काढून पुन्हा बसवले असेल, तर पन्नासएक किलोमीटर गेल्यावर थांबून ते पुन्हा तपासायचे. कॅरॅव्हॅनचे, त्यातही डाव्या बाजूचे, चाक धावताना निखळून गेल्याच्या कथा तिथे पुष्कळ ऐकायला मिळतात.

सर्वांत मला आवडली ती जोडणी. मोटारीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्याच्यावर कॅरॅव्हॅनच्या तोंडाची वाटी बसते. बसली असे डोळ्यांना वाटले म्हणजे बसली असे नव्हे. कॅरॅव्हॅनला पुढे एक छोटे आधारचाक असते. ते हँडलने खाली फिरवत न्यायचे. त्याबरोबर मोटारीचा मागचा भागही वर उचलला गेला, तर वाटी गोळ्याला खरोखरच धरून आहे. नुसतीच वाटी वर आली, तर देवाचे आभार मानून पुन्हा जोडायचे. शिवाय एक पातळ तार मोटारीला अडकवलेली असते. धावताना जोडणी सुटलीच, तर ही तार ताणली जाऊन आधी कॅरॅव्हॅनचा ब्रेक ओढते आणि मग स्वतः तुटते. आधी ब्रेक, मग तुटणे. हा क्रम फार महत्त्वाचा. म्हणून ती कुठे गुंडाळली गेली आहे का, घासून विरली आहे का, हे दर खेपेस पाहायचे.

सामानाचेही शास्त्र आहे. जड वस्तू खाली, चाकांच्या आसाजवळ. मागच्या बाजूला जास्त भार झाला की ती सगळी गाडी सापासारखी वळवळू लागते, आणि मग मोटारही तिच्या तालावर नाचते. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, जोरही करायचा नाही; पाय अलगद सोडून स्टिअरिंग सरळ धरायचे. म्हणूनच तिथे कॅरॅव्हॅन ओढणाऱ्यांना दुहेरी रस्त्यावर आणि मोटरवेवर ताशी ६० मैल व साध्या रस्त्यावर ५० मैलांची मर्यादा घातली आहे. यॉर्कशायरमध्येच थर्स्क गावाजवळ सटन बँक नावाचा घाट आहे. चढ इतका उभा की तिथे कॅरॅव्हॅनला बंदीच! आपल्याकडचे घाट पाहून काका काय म्हणाले असते कोण जाणे.

दिव्यांची तपासणी एकट्याने होत नाही. काका मोटारीत बसत, मी मागे उभी राहून ओरडत असे, "डावा! उजवा! ब्रेक! काका, पुन्हा ब्रेक!" शेजारची म्हातारी खिडकीतून बघत बसायची. यॉर्कशायरच्या त्या शांत गल्लीत एवढे मराठी पूर्वी कधी घुमले नसेल.

आणि गॅस. कॅरॅव्हॅनच्या जमिनीला मुद्दाम भोके ठेवलेली असतात. आपल्या सिलिंडरसारखाच हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो आणि त्या भोकांतून निघून जातो. थंडी लागते म्हणून लोक त्यावर गालिचा घालतात, बोळे कोंबतात. याहून मोठा वेडेपणा नाही. शेगडी किंवा हीटर अर्धवट जळला तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. म्हणून त्याची सूचना देणारे यंत्र छोटे असले तरी दर खेपेस त्याचे बटण दाबून आवाज ऐकायचा. रबरी नळीवर तारीख असते, तीही वाचायची. सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचे. प्रवासात टाकी बंद. (घरी आल्यावर मी आईच्या ओट्याखाली वाकून आमच्या नळीवरची तारीख वाचली. आपल्याकडे त्या नळीची मुदत पाच वर्षांची असते. तुम्हीही वाचा, वाकायला पैसे पडत नाहीत.)

ओल, खिडक्यांची रबरे, पाण्याचे नळ ही कामे काका वर्षातून एकदा कारागिराकडून करून घेत. ती मी सोडून देते.

आता यावरून तिकडचे लोक फार शिस्तीचे आणि आपण अगदीच गबाळे, असा निष्कर्ष कुणी काढू नये. मावशीच्याच गल्लीत एक कॅरॅव्हॅन शेवाळाने हिरवी झालेली उभी होती; तिचा मालक ऑगस्टमध्ये तिला तशीच जोडून नेतो म्हणे. आणि आपल्याकडे ही दृष्टी नव्हती असेही नाही. आजोबांच्या बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. गाडी जुंपण्यापूर्वी ते आसाला वंगण देत, चाक निसटू नये म्हणून घातलेली खीळ हाताने चाचपून पाहत, आणि मगच बैल पुढे घालत. त्यांना कोणते प्रमाणपत्र मिळवायचे नव्हते. चाक निसटले तर गाडीत आपलीच माणसे आहेत, एवढे त्यांना ठाऊक होते.

मग मधल्या काळात झाले काय? मला वाटते, कागद आला. आपल्याकडे प्रवासी वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागते: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी. हे योग्यच आहे. परीक्षा नसावी असे मी म्हणत नाही. उलट इंग्लंडने कॅरॅव्हॅनचीही घ्यावी असेच मला वाटते. पण या कागदाने एक गोष्ट झाली. पाहण्याचे काम दुसऱ्याचे झाले. कागद आहे ना? मग चला! मालक चालकाकडे बोट दाखवतो, चालक कागदाकडे, आणि आपण खिडकीजवळची जागा कुणाला मिळते यावर भांडत असतो. कागद मात्र तपासणीच्या दिवशी गाडी कशी होती एवढेच सांगतो. आज सकाळी टायरात हवा किती आहे, हे त्याला काय माहीत?

खंडेनवमीला आपण गाडी धुतो, झेंडूची माळ घालतो. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो. लिंबू ठेवायला वाकतो, तेव्हा ते चार अंक आपल्या नाकापासून वीतभर अंतरावर असतात! माझा पूजेला विरोध नाही. आईने घातलेली माळ मी कधी काढणार नाही. पण वाकलोच आहोत तर वाचायला काय हरकत आहे?

गेल्या वर्षीच्या आपल्या सहलीची बस अनेकांना आठवत असेल. गाण्यांच्या भेंड्या झाल्या, ते सगळ्यांना आठवते. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असे लिहिलेल्या दारापाशी स्वयंपाकाची पातेली आणि तांदळाचे पोते रचलेले होते, हे किती जणांना आठवते? काच फोडायची हातोडी खिळ्यावर नव्हती. मी चालकाला विचारले. ते म्हणाले, "ताई, बावीस वर्षं गाडी चालवतोय." उत्तर नम्र होते. ते खोटेही नसेल. पण हातोडी कुठे आहे, हे त्या बावीस वर्षांत कुठेच सापडत नव्हते.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली. पंचवीस माणसे गेली. एखादी हातोडी असती तर काय झाले असते, असला हिशेब मी मांडणार नाही. तो अधिकार मला नाही. मात्र त्या बातमीनंतर आठवडाभर आपल्या कट्ट्यावर रस्ता, वेग, सरकार यांवर कडाडून चर्चा झाली, आणि पुढची सहल ठरताना बस ठरवली ती दर किलोमीटरच्या भावावरून. हे मला खटकते.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. उद्या आपल्यातलेही कुणी अशी गाडी भाड्याने घेऊन कोकणात उतरतील, आत गॅसवर चहा करतील, दारे-खिडक्या लावून झोपतील. त्या वेळी नळीची तारीख कोण वाचणार?

प्राध्यापकांपैकी काहींशी मी याबद्दल बोलले. एक सर म्हणाले, "मुलांनी बस तपासायची म्हणजे चालकाचा अपमान." मला तसे वाटत नाही. काका आपली कॅरॅव्हॅन तपासत तेव्हा स्वतःचा अपमान करून घेत नव्हते. आणि मी मागे उभी राहून दिवे सांगत होते, तेव्हा त्यांना ती मदत हवी होती. चालकही एकटाच असतो. त्याचा ब्रेकचा दिवा लागतो की नाही, हे त्याला आपल्या जागेवरून दिसत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. यंदा सहलीच्या सकाळी नारळ फुटण्यापूर्वी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक आणि चालक यांनी मिळून बसभोवती एक फेरी मारावी. सहाही टायर आणि सातवा जादाचा. त्यांच्या भेगा, त्यांचे अंक. दिवे. संकटकाळचे दार एकदा उघडून पाहावे, आणि पातेली टपावर चढवावीत. हातोडी व आग विझवण्याचे नळकांडे कुठे आहे ते सर्वांना दाखवावे. स्वयंपाकाचा सिलिंडर नेणारच असू, तर तो प्रवाशांच्या बसमधून मुळीच नेऊ नये; मुक्कामी मिळतो. यातले एखादे नापास झाले, तर बस बदलून मिळेपर्यंत आपण पायरीवर बसून गाणी म्हणू. भेंड्यांना बस लागतेच असे नाही.

सहल समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. टायर वाचायला मी येते. मागे उभे राहून "डावा, उजवा, ब्रेक" ओरडायला खणखणीत आवाजाचा एक जण हवा आहे. नाट्यमंडळाने नाव सुचवावे.